कारंजे किती उंच उडते, ते कुठे ठरते?

पावसाळ्यात बडोद्यात कोणी ‘आजवा कितीवर?’, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या आजवा तलावाची पातळी किती, असे विचारले की उत्तर फुटांत मिळते आणि २११ हा आकडा ऐकताच विश्वामित्री नदीच्या काठी राहणाऱ्यांचे चेहरे पुराच्या धास्तीने उतरतात. मला मात्र हा आकडा परवा लक्ष्मी विलास राजवाड्यात, दरबार हॉलला लागून असलेल्या चौकातील कारंजे पाहताना आठवला. २११ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६४ मीटर, आणि बडोदे शहर आहे सुमारे ३९ मीटरवर. महाराजा सयाजीराव (तिसरे) यांच्या काळात आजव्याचे पाणी नळांवाटे केवळ उताराने शहरात आणता आले, ते उंचीतल्या या फरकाच्या जोरावर.

कारंज्याचे सारे गणितही या फरकातच आहे. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्ली याने १६४४ मध्ये दाखवून दिले की, साठ्यातील पाणी जितके वर असेल, तितक्या उंचीवरून पडल्यावर येणारा वेग तोटीतून सुटणाऱ्या धारेला मिळतो. त्यामुळे कोणताच अडथळा नसता तर धार पुन्हा साठ्याच्या पातळीपर्यंत चढली असती. प्रत्यक्षात मैलोगणती नळात होणारे घर्षणच बराचसा दाब गिळून टाकते. म्हणूनच बागांमधील कारंज्यांसाठी जवळच उंचावर टाकी बांधत किंवा पंप बसवत.

दहा मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून तीन मीटर उंच धार उडवायची, तर पाणी सेकंदाला सुमारे ७.७ मीटर वेगाने सुटावे लागते आणि मिनिटाला ३६ लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी लागते. त्यासाठी धारेला द्यावी लागणारी शक्ती जेमतेम १८ वॅट भरते. नळातील आणि मोटारीतील तूट अर्थातच वेगळी. हीच धार सहा मीटरवर न्यायची म्हटली, तर वेगाबरोबर पाणीही वाढते आणि १८ वॅटचे ५० वॅट होतात. उंची दुप्पट, खर्च जवळजवळ तिप्पट! फ्रान्समधील व्हर्सायच्या बागेत चौदाव्या लुईलाही हे कोडे सुटले नव्हते: सगळी कारंजी एकदम चालवण्याइतके पाणीच नसल्याने राजाची स्वारी येताना दिसली की कामगार एकमेकांना शिट्ट्या मारून पुढचे कारंजे सुरू करत.

कठड्याशी वाकून पाहिले, तर आणखी एक गंमत दिसते. तोटीपाशी धार काचेच्या कांडीसारखी सलग असते, मात्र थोड्याच अंतरावर तिला अंगठीसारख्या गाठी पडतात आणि त्यांचे थेंब होतात. पृष्ठताणामुळे पाणी आपला पृष्ठभाग कमीत कमी ठेवू पाहते. धारेवर उठलेल्या तरंगाची लांबी धारेच्या परिघापेक्षा जास्त असली, की तो तरंग वाढत जाऊन धार तोडतो. बेल्जियन शास्त्रज्ञ प्लाटो आणि इंग्रज शास्त्रज्ञ रॅले यांनी एकोणिसाव्या शतकात उलगडलेली ही गोष्ट स्वयंपाकघरातील नळ बारीक सोडूनही पाहता येते. अगदी सरळ वर जाणाऱ्या धारेवर तिचेच पाणी परत कोसळते आणि तिची उंची घटते. म्हणून तोटी किंचित कलती ठेवली, तर धार उलट जास्त वर जाते.

या थेंबांमुळेच मे महिन्यात चौकात गारवा वाटतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर हवा एका अंशाने थंड होते. ऑगस्टच्या दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावते आणि कारंजे निव्वळ शोभेपुरते उरते. तेव्हा राजवाड्याच्याच आवारातील नवलखी वाव अधिक शहाणी वाटते. पंधराव्या शतकातील ही पायऱ्यांची विहीर पाण्याला वर चढवत नाही. गारव्यासाठी माणसालाच खाली उतरायला लावते.