बिअरमधली चिमूटभर पावडर वाचवते किती आणि काय

पहिल्यांदा घरी हेझी आयपीए, म्हणजे फळांच्या वासाची गढूळ बिअर, केली तेव्हा बाटल्या भरताना तिचा रंग एकदम आमरसासारखा होता, वास आंबा-संत्र्याचा, मी जाम खूश, फोटो काढून सगळ्यांना पाठवलेसुद्धा. तीन आठवड्यांनी मित्रमंडळी जेवायला आली, बाटली उघडली आणि ग्लासात आला चिकू मिल्कशेक. आंब्याचा वास गायब, चव ओल्या पुठ्ठ्याची. एकाने हळूच विचारलं, ही अशीच असते का? मी म्हटलं हो, अशीच असते. अजिबात नसते.

झालं होतं ते ऑक्सिडेशन. चिरलेलं वांगं पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं, जुनं खोबरं खवट होतं, तोच प्रकार, फक्त इथे सगळं एका बाटलीत चालू असतं. हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि धान्यातली पॉलिफिनॉल्स हवा लागली की तपकिरी होतात, हॉप्सचा वास देणारे नाजूक पदार्थ मोडतात, आणि माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, चरबीपासून ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं एक प्रकरण तयार होतं, पुठ्ठ्याची चव येते ती याचीच. हे आपल्या जिभेला किती कळावं? साधारण ०.१ पीपीबी, म्हणजे एक कोटी लिटर बिअरमध्ये एक ग्रॅम. हेझीला हे सगळ्यात जास्त छळतं, कारण तिच्यात ओट्स, गहू आणि मुठीमुठीने हॉप्स घातलेले असतात आणि हॉप्सबरोबर मँगेनीज येतं, जे ऑक्सिडेशनला आणखी ढकलतं. स्टाउट नावाची बिअर आधीच काळी, ती बरंच काही लपवून नेते.

यावर ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे लोक, वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. नाव ऐकून घाबरू नका, तुमच्या आईने किंवा मावशीने लिंबाचा स्क्वॅश केला असेल तर ही पावडर घरात येऊन गेलेली आहे, केएमएस म्हणतात ती हीच, बाजारच्या बाटलीवर आयएनएस २२४ लिहिलेलं असतं. तासगावचे सोनेरी बेदाणे पिवळेधमक राहावेत म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यातही काम करतो तो सल्फर डायऑक्साइडच. मी राहते इंग्लंडात, इथे याच्या गोळ्या मिळतात, कॅम्पडेन टॅबलेट. ग्लॉस्टरशायरमध्ये चिपिंग कॅम्पडेन नावाचं गाव आहे, तिथल्या फळं टिकवण्याच्या संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात हे काम झालं म्हणून ते नाव. (इथे १९६३ पासून घरी बिअर करायला लायसन्स लागत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे, तेव्हा पुण्याच्या चुलत भावाने हे वाचून बादली काढू नये.)

ही पावडर बिअरमध्ये विरघळली की सल्फाइट मिळतं. ऑक्सिजन बिअरवर थेट झडप घालत नाही, लोह-तांब्याच्या अगदी थोड्या कणांच्या मदतीने आधी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे चवताळलेले पदार्थ तयार होतात आणि खरी नासधूस ते करतात. सल्फाइट या पेरॉक्साइडला मध्येच गाठतं, स्वतः ऑक्सिडाइज होऊन सल्फेट बनतं आणि विषय संपतो. शिवाय ते त्या पुठ्ठेवाल्या नोनेनालसारख्या अल्डिहाइडना चिकटून त्यांची चव झाकतं, पण ते तात्पुरतं असतं, सल्फाइट संपत आलं की चिकटलेलं सुटतं आणि चव परत येते.

आता जो हिशोब मला आधी कुणी सांगितला असता तर ती पहिली बॅच वाचली असती. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन पूर्ण निकामी करायला चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो (सल्फाइट किती आहे ते याच मापात मोजतात). माझी बाटली अर्ध्या लिटरची, वर मानेत समजा २५ मिली हवा राहिली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे सव्वापाच मिली, वजनात साधारण सात मिलिग्रॅम. तो खायला २८ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पाहिजे, म्हणजे लिटरमागे ५६, म्हणजेच ५६ पीपीएम, आणि आपण बिअरमध्ये घालतो पाच ते दहा पीपीएम! बाटलीत साखर घालून गॅस आणत असाल तर यीस्ट त्यातला बराच ऑक्सिजन खातं, पण सगळा खातंच असं नाही. मोठ्या ब्रुअरी बाटलीतला एकूण ऑक्सिजन ०.१ पीपीएमच्या आत ठेवायला धडपडतात आणि आपण किचनमध्ये फनेलने बुडबुड करत भरतो. थोडक्यात, पावडर शेवटचा उरलासुरला ऑक्सिजन आवरते, धसमुसळेपणा नाही. नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, शिंतोडे उडू देऊ नका, वरचा फेस थोडा बाहेर येऊ दे आणि त्या फेसावरच बूच लावा, केग (बिअरचं धातूचं पिंप) असेल तर आधी कार्बन डायऑक्साइडने हवा हाकलून द्या. हे सगळं झाल्यावर पावडर.

बरेच जण म्हणतात मग व्हिटॅमिन सी घाला ना, नैसर्गिक आहे, सफरचंदाला लिंबू लावतो तसं. इथे गोची आहे. अस्कॉर्बिक अ‍ॅसिड ऑक्सिजन पटकन पकडतं हे खरं, पण पकडताना स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. बिअरमध्ये लोहाचे कण असतील तर त्या पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतात, जे समोर येईल त्याला फाडतात. म्हणजे चोर पकडायला गेलो आणि दरोडेखोर घरात घेऊन आलो. सल्फाइट सोबत असेल तर ते पेरॉक्साइड उचलतं, म्हणून वाइनवाले दोन्ही जोडीने घालतात. एकटं व्हिटॅमिन सी मी तरी घालत नाही.

प्रमाण अगदी थोडं. पावडरमधला साधारण ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड म्हणून मिळतो, म्हणजे माझ्या २३ लिटरच्या बॅचला ०.४ ग्रॅम घातली की दहा पीपीएम होतात. ०.४ ग्रॅम घरच्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून मी चार ग्रॅम पावडर १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवते आणि त्यातलं दहा मिली सिरिंजने घेते, उरलेलं ओतून देते कारण ठेवलं तर त्याचा दम जातो. कॅम्पडेनची गोळी साधारण ०.४४ ग्रॅमची, म्हणजे एवढ्या बिअरला अर्धी ते एक, पण काही गोळ्या सोडियमवाल्या असतात आणि त्यांचा जोर जास्त, तेव्हा पाकीट वाचा. घालायची ती फर्मेंटेशन पूर्ण संपल्यावर, बाटल्या भरायच्या आधी. घाई केली तर यीस्टने अजून न खाल्लेल्या असिटाल्डिहाइडला ती चिकटून बसते, बिअरला हिरव्या सफरचंदाची चव राहते आणि सल्फाइट फुकट जातं. इतक्या कमी प्रमाणात बाटलीतलं यीस्ट मरतं का, तर नाही, बिअरचा पीएच चारच्या वर असतो आणि तिथे यीस्टला मारणारं सल्फाइटचं रूप जेमतेम असतं. वाइन जास्त आंबट, म्हणून तिथे ते बाधतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. दमा असलेल्या काही लोकांना सल्फाइट चालत नाही, श्वास अडकतो. दहा पीपीएमच्या वर गेलं की इथे विकायच्या बाटलीवर तसं छापावं लागतं, घरच्या बाटलीवर कुणी छापत नाही, म्हणून पाहुण्याला ग्लास देताना मी आधी सांगते. आणि डबा उघडून वास घ्यायला जाऊ नका, मी घेतलाय, अर्धा तास खोकत होते.

परवाच्या बॅचला निम्म्या बाटल्यांत सल्फाइट घातलं, निम्म्या तशाच, बुचांवर मार्करने खूण. चार बाटल्या फ्रीजमध्ये, बाकी कपाटात. दीड महिन्याने कपाटातली बिनसल्फाइटवाली करडी पडली होती, सल्फाइटवाली बरीच पिवळी होती पण आंब्याचा वास उतरलेला. फ्रीजमधल्यांत मात्र दोन्ही चांगल्या निघाल्या, कुठली कुठली हे मला बुचावरची खूण बघूनच कळलं.