तांब्याला रंग कुठून आला?

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम केलेली, म्हणजे हातोडीनं ठोके देऊन घडवलेली भांडी पाहिली की एक प्रश्न पडायला हवा. लोखंड, जस्त, निकेल, चांदी सगळे पांढरट नाहीतर करडे, मग तांबंच लालसर का? याचं उत्तर अकरावीची मुलं ‘अपवाद’ म्हणून पाठ करतात त्या इलेक्ट्रॉन संरूपणात, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे.

तांब्याचा अणुक्रमांक २९. पहिले १८ इलेक्ट्रॉन अरगॉनसारखेच बसतात, उरतात ११. आकृतीत त्यांच्यासाठी ४एस या उपकवचाचा, म्हणजे जागांच्या गटाचा, एक चौकोन आणि ३डीचे पाच. एका चौकोनात फार तर दोन बाण, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, एक वर तोंड केलेला, एक खाली. नेहमीच्या क्रमानं ४एसमध्ये दोन आणि ३डीमध्ये नऊ यायला हवेत. प्रत्यक्षात ३डीमध्ये दहा आहेत, ४एसमध्ये एकच.

क्लासमध्ये कारण सांगतात: पूर्ण किंवा अर्धं भरलेलं उपकवच स्थिर असतं. हे उत्तर अपुरं आहे. टंगस्टनला एक इलेक्ट्रॉन हलवून ५डी अर्धं भरता आलं असतं, तरी तिथे चारच राहतात. नायोबियममध्ये इलेक्ट्रॉन हलतो, पण ४डीमध्ये होतात चार, म्हणजे ना अर्धं ना पूर्ण!

खरी रस्सीखेच अशी. स्कँडियमपासून तांब्यापर्यंत केंद्रकात आठ प्रोटॉन वाढतात. नवे इलेक्ट्रॉन बहुतेक ३डीत जातात, आणि ते एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकत नाहीत. त्यामुळे ३डी आकसत जातं, त्याची ऊर्जा भराभर उतरते. ऐसपैस ४एस तितकं उतरत नाही. मात्र आकसलेल्या जागेत इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलतात, म्हणून बहुतेक मूलद्रव्यं दोन इलेक्ट्रॉन बाहेर ४एसमध्येच ठेवतात. शेवटी हिशेब एकूण ऊर्जेचा. निकेलमध्ये दोन्ही मांडण्या जवळपास बरोबरीत येतात. तांब्यात पारडं फिरतं: ‘नऊ-दोन’ मांडणी ‘दहा-एक’पेक्षा सुमारे १.४ इलेक्ट्रॉन व्होल्टनं (हे अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) महाग पडते.

आता घन तांबं घ्या. ४एसचे इलेक्ट्रॉन सगळ्या धातूचे सामाईक होतात. वीज वाहते ती त्यांच्यामुळे. भरलेल्या ३डीचा पट्टा त्यांच्या सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीखाली जेमतेम दोन इलेक्ट्रॉन व्होल्टवर असतो. निळ्या-हिरव्या प्रकाशात ३डीतला इलेक्ट्रॉन वर रिकाम्या जागी उचलण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून तो बराचसा शोषला जातो. लाल-नारिंगी प्रकाशात ती नसते, तो परततो. चांदीत हेच अंतर सुमारे चार आहे, अतिनील किरणांच्या पट्ट्यात, म्हणून चांदी पांढरी.

तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक जीवाणू मरतात, हे खरं. पण तांब्याच्या कड्यानं संधिवात बरा होतो म्हणून लोकांकडून पैसे घेणं ही फसवणूक आहे. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आमवाताच्या (संधिवाताचा एक प्रकार) रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. कड्याचा उपयोग दिसला नाही.

राहिलं सोनं. त्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन. सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त, त्यामुळे आइन्स्टाइनची सापेक्षता हिशेबात येते. ६एस खाली ओढलं जातं, ५डी थोडं वर सरकतं, मधलं अंतर पुन्हा दृश्य प्रकाशात येतं. निळा शोषला जातो, पिवळा परततो.