मोबाइल क्रमांक पोर्ट करताना मुदतपूर्व शुल्क कसे टाळावे

मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय भारतात 25 नोव्हेंबर 2010 रोजी हरियाणात सुरू झाली आणि 20 जानेवारी 2011 पासून ती देशभर लागू झाली. 3 जुलै 2015 पासून एका दूरसंचार परिमंडळातला, म्हणजे सर्कलमधला, क्रमांक दुसऱ्या परिमंडळात नेणेही शक्य झाले. इतकी वर्षे लोटूनही पोर्टचे अर्ज नाकारले जातात आणि नाकारण्याची कारणे त्याच त्या चार-पाच गोष्टींभोवती फिरत राहतात. बहुतेक ग्राहक आधी पोर्टची विनंती करणारा मेसेज 1900 या क्रमांकावर पाठवतात, नकार आला की जुन्या कंपनीला फोन लावतात आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळते की आपल्या क्रमांकावर काही महिन्यांचे बंधन आहे किंवा बाहेर पडण्यासाठी पैसे भरावे लागणार आहेत. हा क्रम उलटा हवा. मेसेज ही या प्रक्रियेतली शेवटची पायरी समजावी आणि त्याआधीची चौकशी शांतपणे, घाई नसताना करावी.

आपल्याकडे साध्या प्रीपेड ग्राहकाला कंपनी सोडल्याबद्दल कोणताही दंड भरावा लागत नाही. मुदतपूर्व शुल्काचा प्रश्न मुख्यतः पोस्टपेड ग्राहकांचा आहे आणि त्यांच्यातही ज्यांनी काही सवलतीच्या बदल्यात ठरावीक काळ राहण्याचे मान्य केले आहे अशांचाच. हँडसेट सवलतीत घेतलेला असतो, लक्षात राहण्याजोगा पसंतीचा क्रमांक ठरावीक प्लॅन काही महिने चालवण्याच्या अटीवर मिळालेला असतो, किंवा नोकरीच्या ठिकाणी कंपनीमार्फत स्वस्तातला प्लॅन घेतलेला असतो. सवलत घेताना ही अट कानावरून जाते. दुकानातला विक्रेता ती सांगतोच असे नाही आणि टॅबवर अंगठा किंवा ओटीपी देताना ग्राहक ती वाचत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, 2009 च्या पोर्टेबिलिटी विनियमांत अर्ज नाकारण्याची कारणे ठरवून दिलेली आहेत. कंपनीला मनास येईल ते कारण देता येत नाही. त्यांपैकी एक कारण कराराचे आहे आणि त्याची शब्दरचना नीट समजून घेण्यासारखी आहे. ग्राहकाच्या करारात बाहेर पडण्याची अट लिहिलेली असेल आणि ग्राहकाने ती पूर्ण केलेली नसेल, तरच या कारणावरून अर्ज अडवता येतो. यातून दोन गोष्टी निघतात. करारात अशी अटच नसेल, तर ‘तुमचा लॉक-इन आहे’, म्हणजे ठरावीक काळ राहण्याचे बंधन आहे, हे तोंडी उत्तर नियमात बसत नाही. आणि अट असेल, तर ती पूर्ण केल्यावर, म्हणजे ठरलेले शुल्क भरल्यावर किंवा मुदत संपल्यावर, कंपनीला ग्राहक अडवून ठेवण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे कनेक्शन घेतानाचा ग्राहक अर्ज आणि त्यासोबतच्या योजनेच्या अटी. आणि नेमका हाच कागद कोणाजवळ नसतो. तो हरवला म्हणून हताश होऊ नये. कनेक्शन सुरू झाले त्या सुमारास आलेले मेसेज, नोंदणीकृत ईमेलवरचे स्वागतपत्र आणि कंपनीच्या ॲपमधला प्लॅनचा तपशील आधी शोधावा. तिथे काही सापडले नाही, तर कंपनीला लेखी, म्हणजे ईमेलने किंवा ॲपमधून, तीन प्रश्न विचारावेत. माझ्या क्रमांकावर किमान मुदतीची अट आहे का, असल्यास ती कोणत्या तारखेला संपते, आणि आज बाहेर पडल्यास नेमकी किती रक्कम भरावी लागेल? उत्तरही लेखीच मागावे. फोनवरचा प्रतिनिधी सौजन्याने बोलतो, परंतु पुढच्या वेळी फोन उचलणारा प्रतिनिधी दुसराच असतो आणि आधीच्याने काय सांगितले होते हे त्याला ठाऊक नसते. फोनवर बोलणे भागच असेल, तर निदान तक्रार किंवा विनंती क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

रक्कम कळली की रागाच्या भरात निर्णय न घेता हिशेब मांडावा. समजा, मुदतीचे चार महिने उरले आहेत, सध्याचा प्लॅन महिना 499 रुपयांचा आहे, बाहेर पडण्याचे शुल्क 1,500 रुपये आहे आणि नव्या कंपनीचा प्लॅन 399 रुपयांचा आहे. चार महिने थांबल्यास 1,996 रुपये जातात. आजच निघाल्यास शुल्काचे 1,500 आणि नव्या प्लॅनचे 1,596 मिळून 3,096 रुपये जातात. महिन्याला शंभर रुपये वाचवण्यासाठी अकराशे रुपये जादा मोजण्यात शहाणपण नाही. नेटवर्कच मिळत नसेल आणि काम अडत असेल, तर गोष्ट वेगळी. तरीही आधी मधला मार्ग विचारून पाहावा. मुदत कायम ठेवून त्याच कंपनीच्या सर्वांत स्वस्त पोस्टपेड प्लॅनवर उतरता येते का, हे अटींमध्ये पाहावे. सवलतीत मिळालेल्या हँडसेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी: शुल्क म्हणून एक ठरावीक रक्कम मागितली जात आहे की आजवर दिलेली सवलत परत वसूल केली जात आहे. दुसऱ्या प्रकारात आकडा उरलेल्या महिन्यांप्रमाणे कमी होत जायला हवा. तसा तो होत नसेल, तर खुलासा मागावा.

हँडसेट बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या हप्त्यांवर घेतलेला असेल, तर तो करार त्या संस्थेशी असतो. क्रमांक पोर्ट केल्याने ते हप्ते थांबत नाहीत आणि ते चालू आहेत म्हणून पोर्टही अडत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

कौटुंबिक प्लॅनमध्ये गुंता थोडा अधिक असतो. बिल मुख्य क्रमांकाच्या नावाने निघते आणि बाकीचे क्रमांक त्याला जोडलेले असतात. मुख्य क्रमांक बाहेर पडला की जोडलेल्या क्रमांकांचे दर बदलू शकतात, त्यामुळे घरातल्या मुख्य क्रमांकाने आधी निघू नये. घरचे ब्रॉडबँड त्याच बिलात असेल, तर ते वेगळे करून घ्यावे. क्रमांक पोर्ट झाला म्हणून ब्रॉडबँड आपोआप बंद होत नाही आणि त्याचे भाडे मागे चालूच राहते.

प्रीपेड ग्राहकाला शुल्क नाही हे खरे, परंतु पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीकडे शिल्लक राहिलेला टॉकटाइम, डेटा आणि वैधता बुडते. वर्षभराचा रिचार्ज मारून तीन महिन्यांत कंपनी बदलणारा माणूस नाव वेगळे असले तरी मुदतपूर्व शुल्कच भरत असतो आणि तेही कोणत्याही करारापेक्षा जबर. त्यामुळे कंपनी बदलण्याचा विचार मनात असेल, तर लांब मुदतीचा रिचार्ज करू नये. वैधता संपण्यापूर्वी सात-आठ दिवस प्रक्रिया सुरू करणे सोयीचे. कमी किमतीच्या रिचार्जमध्ये मेसेजची सोय नाही म्हणून पूर्वी अनेकांना पोर्टचा मेसेजच पाठवता येत नसे. डिसेंबर 2021 मध्ये ट्रायने निर्देश देऊन रिचार्ज कितीही रकमेचा असला तरी 1900 वर मेसेज पाठवण्याची सोय देणे कंपन्यांना बंधनकारक केले. तेव्हा ‘आधी मोठा रिचार्ज करा, मग पोर्ट होईल’ हा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

आता पात्रतेच्या इतर अटींकडे वळू. 16 डिसेंबर 2019 पासून लागू झालेल्या सुधारित पद्धतीत मेसेज पोहोचताच अटींची तपासणी होते आणि सर्व अटी पूर्ण असतील तरच युनिक पोर्टिंग कोड, म्हणजे यूपीसी, मिळतो. पूर्वी कोड सहज मिळे आणि नकार नंतर येई. आता कारणासह नकार आधीच कळतो. हा बदल ग्राहकाच्या सोयीचाच आहे.

सर्वाधिक अर्ज अडतात ते नव्वद दिवसांच्या अटीत. सध्याच्या कंपनीकडे क्रमांक सुरू होऊन 90 दिवस पूर्ण झालेले असावे लागतात, मग क्रमांक नवा घेतलेला असो की आधी पोर्ट होऊन आलेला. लोक याचे ‘तीन महिने’ करतात. 1 फेब्रुवारीला सुरू झालेल्या क्रमांकाचे तीन महिने 1 मे रोजी पूर्ण होतात, परंतु लीप वर्ष नसेल तर त्या दिवशी 89 दिवसच भरतात आणि अर्ज फेटाळला जातो. शिवाय मोजणी क्रमांक प्रत्यक्ष सुरू झाल्याच्या दिवसापासून होते, दुकानात अर्ज दिल्याच्या दिवसापासून नव्हे. कॅलेंडर घेऊन दिवस मोजावेत आणि वर एक-दोन दिवस सोडून द्यावेत.

दुसरी अट थकबाकीची आहे आणि तीही चुकीची वाचली जाते. बिल निघालेले असते, भरण्याची अंतिम तारीख आठवड्यावर असते आणि ग्राहक म्हणतो, ‘माझी थकबाकी नाही.’ नियमात मात्र निघालेले बिल भरलेले असणे अपेक्षित आहे. म्हणून अंतिम तारखेची वाट न पाहता बिल पूर्ण भरावे, ॲपमध्ये बाकी शून्य दिसेपर्यंत थांबावे आणि मगच मेसेज पाठवावा. पावती जपून ठेवावी. बिल निघाल्यानंतर लगेच, नव्या बिलचक्राच्या सुरुवातीला प्रक्रिया सुरू केली, तर पुढे येणारे अंतिम बिलही लहान राहते.

तिसरी अट नवी आहे. 1 जुलै 2024 पासूनचा नियम असा: सिमकार्ड हरवल्याने किंवा खराब झाल्याने बदलून घेतले असेल, तर त्यानंतर सात दिवस यूपीसी मिळत नाही. दुसऱ्याच्या क्रमांकाचे सिम फसवणुकीने काढून तो लगेच पोर्ट करण्याचे प्रकार रोखण्यासाठी ही तरतूद आहे, म्हणून तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

मालकी बदलण्याची प्रक्रिया चालू असेल, क्रमांक न्यायप्रविष्ट असेल किंवा न्यायालयाने मनाई केली असेल, तरीही पोर्ट होत नाही. यांतली मालकीची अडचण घरोघरी आहे. क्रमांक वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असतो, वापरणारा भलताच असतो आणि नव्या कंपनीच्या दुकानात आधार पडताळणीच्या वेळी नावे जुळत नाहीत. पोर्ट त्याच नावाने होतो; पोर्ट करतानाच नाव बदलून घेऊ, असे चालत नाही. ज्याच्या नावावर क्रमांक आहे ती व्यक्ती हयात असेल, तर तिलाच सोबत न्यावे. नसेल, तर आधी जुन्या कंपनीकडे मृत्युप्रमाणपत्र आणि वारसांची कागदपत्रे देऊन क्रमांक आपल्या नावावर करून घ्यावा आणि ते काम पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावरच पोर्टकडे वळावे. याशिवाय एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ कनेक्शन चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत सहा. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी क्रमांक दिसल्यास तिथेच कळवता येतो.

नोकरीच्या ठिकाणी मिळालेला क्रमांक हा सर्वांत दुःखदायक प्रकार. दहा वर्षे वापरलेला क्रमांक नोकरी सोडल्यावर आपला नसतो, तो नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावावर असतो. असा क्रमांक पोर्ट करायला त्याच कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे पत्र लागते. ते पत्र राजीनामा देताना, नोटीसकाळातच मागावे. एकदा दाराबाहेर पडल्यावर ते मिळवायला महिनोन्‌महिने खेटे घालणारी माणसे पाहिली आहेत.

एवढे सगळे निस्तरले की उरलेले काम सोपे आहे. त्याच क्रमांकावरून इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून दहा अंकी क्रमांक, असा मेसेज 1900 वर पाठवावा. आठ अक्षर-अंकांचा यूपीसी येतो आणि तो चार दिवस चालतो; जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत तीस दिवस. हे चार दिवस कामकाजाचे नव्हेत, सुट्टी धरून आहेत. त्यामुळे शुक्रवारी रात्री कोड मागवून सोमवारी दुकान शोधत बसू नये. कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे किंवा प्रतिनिधीला घरी बोलवावे. त्याच परिमंडळात तीन कामकाजाच्या दिवसांत आणि परिमंडळ बदलत असल्यास किंवा क्रमांक नोकरीच्या कंपनीच्या नावावर असल्यास पाच दिवसांत पोर्ट होतो. येथे लक्षात ठेवावे की मुंबई हे स्वतंत्र परिमंडळ असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे आहे. यूपीसी फोनवरून कोणालाही सांगू नये, मग समोरचा कोणत्याही कंपनीचे नाव घेवो. मन बदलल्यास अर्ज दिल्यापासून 24 तासांत 1900 वरच मेसेज करून अर्ज मागे घेता येतो. या काळात जुनी कंपनी फोन करून स्वस्त प्लॅन देऊ करते. तो मोह झाला, तर देकार मेसेजवर मागवावा आणि त्यात नवी किमान मुदत दडलेली नाही ना, हे आधी पाहावे.

अट नसताना अर्ज नाकारला, तर कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्यावा आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे माहीत नसल्याने अनेकांचे महिने वाया जातात. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

पोस्टपेड ग्राहकाचे जुन्या कंपनीशी नाते पोर्ट झाल्याच्या दिवशी संपत नाही. शेवटच्या चक्रातल्या वापराचे अंतिम बिल नंतर येते आणि ते भरले नाही, तर जुन्या कंपनीच्या सांगण्यावरून नवी कंपनी क्रमांक बंद करू शकते. ॲपमधले लॉगिन पोर्टनंतर चालेनासे होते, त्यामुळे नोंदणीकृत ईमेल पत्ता आधीच तपासून ठेवावा. त्या बिलात लॉक-इन किंवा मुदतपूर्व शुल्काच्या नावाखाली काही लावलेले दिसल्यास सुरुवातीला घेतलेले लेखी उत्तर जोडून आक्षेप नोंदवावा. अनामत रक्कम भरलेली असेल, तर तिचा हिशेबही याच वेळी मागावा. बँकेतली ऑटो-डेबिटची सूचना अंतिम बिलाची पावती हाती आल्यावर बंद करावी, आधी नव्हे.