आधी प्रवास, मग शर्यत, पडदा सगळ्यात शेवटी

जुलैत मुंबईतली सायकल बहुतेक भिंतीला टेकलेली असते. रस्त्यावर खड्डे, खड्ड्यांत पाणी आणि पाण्याखाली काय दडलंय ते कळायला मार्ग नाही. नेमकी याच महिन्यात तिकडे टूर द फ्रान्स ही टप्प्याटप्प्यांची सायकल शर्यत चालू असते. फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. त्यामुळे तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला संपणारा टप्पा इथे रात्री नऊच्या आसपास, ऐन जेवणाच्या वेळी संपतो. ऑक्टोबरात इटलीतली लोम्बार्दीची शर्यत झाली की युरोपातला रस्त्यावरचा मोसम आवरता होतो. तोवर आपल्याकडे पाऊस उघडलेला असतो आणि सायकली बाहेर निघतात. म्हणून एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुलैत ‘आजची स्टेज कुठे दिसतेय?’ आणि त्याच्याच खाली ‘डिसेंबरात कोकणला कोण कोण?’ असे दोन्ही मेसेज सुखाने नांदतात. बेत पावसात ठरतात, टप्पा बघता बघता.

बघणं आणि फिरणं यांची ही जोडी मुंबईत तशी अलीकडची आहे. शिवाय तिचा क्रम युरोपच्या बरोब्बर उलटा आहे. तिथे सायकल शर्यती जन्मल्याच मुळी लोकांनी वाचाव्यात म्हणून. १८९१ ची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची शर्यत ‘ल पती जुर्नाल’ या दैनिकाने भरवली होती. पुढे द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावरच्या देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून फ्रान्स दुभंगला, तेव्हा ‘ल व्हेलो’ या हिरव्या कागदावर छापल्या जाणाऱ्या क्रीडा दैनिकाच्या संपादकाने द्रेफ्यूसची बाजू घेतली. चिडलेल्या बड्या जाहिरातदारांनी १९०० मध्ये आपलं वेगळं दैनिक काढलं. तेच ‘लोतो’. कागद पिवळा, संपादक आंरी देग्रांज. खप वाढेना, म्हणून १९०३ च्या जुलैत त्यांनी फ्रान्सभर फिरणारी शर्यत काढली: सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. मोरिस गारँ ती जवळजवळ तीन तासांच्या फरकाने जिंकला आणि ‘लोतो’चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला. शर्यतीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली. इटलीतही तोच कित्ता: ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’चा कागद गुलाबी, म्हणून १९०९ मध्ये सुरू झालेल्या जिरो या इटलीच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्याला १९३१ पासून गुलाबी जर्सी. मूळचं भांडण राजकारणाचं आणि जाहिरातींचं, हे आज पिवळी जर्सी घालून मरीन ड्राइव्हवर येणाऱ्याला सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही.

मुंबईत तेव्हा शर्यतीच्या बातम्यांची कुणाला ओढ होती असं दिसत नाही. इथल्या तरुणांना वेगळंच वेड होतं. १९२३ च्या जुलैत आंरी पेलिसिए टूर जिंकला आणि त्याच ऑक्टोबरात बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबमधले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. पाऊस सरल्यावर आणि थंडी पडायच्या आधी. मुंबईहून लांब निघायचं तर आजही याच दिवसांत निघतात. इराण-इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असं करत अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईत परतले. उरलेले तिघे वाटेत गळले होते. सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. त्यांच्यामागोमाग १९२४ मध्ये फ्रामरोज दावर हा क्रीडापत्रकार एकटाच निघाला. १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे गेले. ना गीअर, ना जीपीएस, ना सोबत गाडी. मुंबईकर सायकलवाल्यांचा मूळ पिंड हा असा भटक्याचा. शहराने त्यांना जवळजवळ विसरून टाकलं होतं. गेल्या काही वर्षांत त्यांची नावं पुन्हा निघू लागली, हे बरं झालं.

मधल्या काळात सायकल म्हणजे हौस नव्हती, वाहन होतं. वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. गिरणगावात, गोदीत माणसं सायकलने कामाला जात. डबे, पाव, दूध, वर्तमानपत्रं तिच्यावरूनच घरोघरी पोचत. भाड्याची सायकल तासावर मिळे. या मंडळींना ‘विकेंड राइड’ म्हटलं असतं तर त्यांनी सुटीच्या दिवशी तरी पायांना विश्रांती द्या असंच म्हटलं असतं.

शर्यत आली ती घाटातून. मुंबई-पुणे सायकल शर्यत स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांतली. मधे मधे खंड पडत, प्रायोजक बदलत ती चालत राहिली. तिचं खरं नाट्य बोरघाटात. खोपोली सोडली की रस्ता उभा राहतो आणि खंडाळ्यापर्यंत साधारण पाचशे मीटरची उंची चढायची असते. शिंग्रोबाच्या देवळापाशी येईतो गटाच्या चिंधड्या झालेल्या असतात. घाटमाथा पहिला गाठणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब. पुण्यात पहिला कोण आला हे लोक विसरतात, घाटांचा राजा लक्षात ठेवतात. खोपोलीत रस्त्याकडेला उभं राहून ज्यांनी हे पाहिलं, त्यांना पुढे टीव्हीवर टूरमधल्या आल्प द्युएझ घाटाची एकवीस वळणं पाहताना फारसं समजावून सांगावं लागलं नाही. मात्र या शर्यतीत जिंकणारे बहुधा सांगली-कोल्हापूरकडचे, रेल्वेचे नाहीतर सेनादलाचे. मुंबईचा मध्यमवर्ग प्रेक्षक होता, तोही वर्षातून एकदा.

हा मध्यमवर्ग सायकलवर परतला तो २००५ नंतर, गीअरच्या परदेशी सायकली दुकानांत दिसायला लागल्यावर. गंमत अशी की त्याच सुमाराला शहरातले चांगले रस्ते एकेक करून सायकलला बंद होत गेले. एक्स्प्रेस-वे आधीपासून बंद, २००९ चा सी-लिंक बंद, २०१३ चा ईस्टर्न फ्रीवे बंद आणि २०२४ चा अटल सेतूही बंद. मग पहाटे साडेचारला उठून रहदारी जागी व्हायच्या आत मरीन ड्राइव्ह-वरळी, आरे किंवा पाम बीच रोड गाठायचा हा शिरस्ता पडला. २०१० आणि २०११ मध्ये परदेशी व्यावसायिक संघ मुंबईच्या रस्त्यांवर शर्यत खेळून गेले, पण ते तेवढ्यापुरतंच राहिलं.

टिकून राहिली ती ब्रेव्हे. लांब पल्ल्याची, वेळेच्या मर्यादेतली, पण क्रमांक न देणारी राइड. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. एकाच वर्षात हे चारही केले की ‘एसआर’, म्हणजे सुपर रँदोनर हा किताब. हे वर्ष पहिल्या नोव्हेंबरला सुरू होतं. नियम फ्रान्समध्ये बसले, पण मुहूर्त कुणी कोकणातलं पंचांग बघून काढलाय असं वाटावं. भारतात २०१० च्या सुमाराला हे रुजलं आणि मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यात जोरात वाढलं. मुरबाड, कसारा, चारोटी, मनोर ही नावं मुंबईच्या सायकलवाल्यांच्या तोंडी बसली ती कार्डावर शिक्के घ्यायच्या निमित्ताने. मला वाटतं, १९२३ वाल्यांची खरी वारस हीच मंडळी. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार पार करणारी ‘रॅम’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली, तर २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरेने. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला भारतातून शेकड्यांनी गेले. त्यातल्या बऱ्याच जणांचं वेळेत पुरं झालं नाही. उन्हात घडलेल्या पायांना ब्रिटनी प्रांतातल्या ऑगस्टच्या थंड रात्री आणि समोरचा वारा सोसला नाही. ब्रेव्हे झालेली ही शर्यत मूळ त्याच १८९१ च्या दैनिकाची, हे वर्तुळ मला फार आवडतं.

आता पडदा. फ्रान्समध्ये टूरचं चित्रण थेट घरात पोचलं ते १९४८ मध्ये, तेही पॅरिसच्या वेलोड्रोममधला शेवट तेवढा. डोंगरातून थेट चित्र दाखवायला आणखी दहा वर्षं लागली. अडचण खेळातच आहे. मैदान दोनशे किलोमीटर लांब आणि ते सतत पुढे सरकतंय. मोटरसायकलवरचा कॅमेरावाला चित्र वर आकाशात पाठवतो, हेलिकॉप्टर-विमान ते पकडून खाली शेवटच्या रेषेपाशी टाकतात. ढग उतरले, विमान उडालं नाही, की पडद्यावर नुसत्या चौकोनी ठिपक्यांची भेंडोळी. टूरचे सगळे टप्पे सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवायला २०१७ साल उजाडलं.

मुंबईत त्याआधी टूर म्हणजे वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरचा तळाचा एक परिच्छेद. लान्स आर्मस्ट्राँगचं नाव इथे पोचलं ते कर्करोगातून उठलेला माणूस म्हणून. सायकलपटू ही ओळख नंतरची. २०१२ मध्ये उत्तेजकांपायी त्याची टूरची सातही विजेतेपदं काढून घेतली, तीही बातमी पहिल्या पानावर आली ती त्याच कारणाने. शर्यत प्रत्यक्ष बघणारे मोजके होते, आणि तेही वेबसाइटवरची मजकुराची ओळ मिनिटामिनिटाला ताजी करत ‘बघणारे’.

चित्र पालटलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. डेटा स्वस्त झाला आणि डोंगरातल्या टप्प्याचे शेवटचे दोन तास नेमके घरी परतायच्या लोकलमध्ये सापडायला लागले. मध्य रेल्वेच्या फास्ट गाड्या तेव्हा पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. कुणीतरी शेवटच्या चढावर गट सोडून पुढे सुटायचा, दारातल्या गर्दीत एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरलेला, आणि गाडी बोगद्यात. चाक फिरत राहायचं, पडद्यावरचं. दिवा स्टेशनाकडे बाहेर पडेपर्यंत आघाडी कुणाची ते बदललेलं असे.

पण ‘कुठे दिसतेय?’ हा प्रश्न काही सुटला नाही, कारण तो इंटरनेटचा नाहीच, हक्कांचा आहे. शर्यतींचे आयोजक वेगवेगळे. ते प्रक्षेपण देशागणिक विकतात आणि भारतासारख्या क्रिकेटच्या बाजारात कुणी घेतलंच नाही तर ती शर्यत इथे अधिकृतपणे अस्तित्वातच नसते. २०२० मध्ये डीस्पोर्ट या वाहिनीचं युरोस्पोर्ट झालं आणि टूर रीतसर टीव्हीवर दिसू लागली. त्याच वर्षी आलेल्या जीसीएन प्लस या अ‍ॅपने वर्षाच्या एका वर्गणीत लहानमोठ्या शर्यतींचा खजिना उघडला. १९ डिसेंबर २०२३ ला ते अ‍ॅप बंद झालं. जगभरच्या चाहत्यांवर पुन्हा शोधाशोधीची पाळी आली. ब्रिटनमध्ये तर युरोस्पोर्टच फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस बंद पडलं आणि शर्यती दुसऱ्या, कितीतरी महाग पॅकेजात गेल्या. म्हणून हल्ली एकाने वर्गणी भरायची आणि चारपाच जणांनी त्याच्या घरी जमायचं, किंवा रविवारच्या टप्प्याला सायकलच्या दुकानात मोठा टीव्ही लावायचा, हे प्रकार वाढलेत. चोरीच्या लिंकाही फिरतात, त्यात शेवटच्या किलोमीटरला जुगाराची जाहिरात आडवी येते. मला दुकानातला टीव्ही बरा वाटतो. तिथे शेजारी कुणीतरी सदऱ्याची बाही सरसावून ‘अरे, आता नको सुटू, वारा समोरचा आहे’ म्हणून फ्रेंच माणसाला मराठीत बजावत असतो.

पाऊस ऐन भरात असताना त्याच दुकानात नकाशे निघतात. हिवाळ्याचा पहिला मान कोकणाचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो २०२० पासून आहे, त्यामुळे सायकल लाँचच्या टपावर बांधायची कटकट गेली. पुढे अलिबाग, मुरूड आणि मग एकेक खाडी: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. नकाशावर समुद्रकाठचा सपाट रस्ता दिसतो आणि नवखा फसतो. जेट्टीवरून उतरलं की लगेच चढ, वर जांभ्याचा उघडा सडा, सावलीचं नाव नाही, की पुन्हा उतार थेट पुढच्या खाडीला. एकही मोठा घाट न चढता दिवसाअखेर हजारभर मीटर चढाई अंगावर पडते. खारी हवा वेगळीच. परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुतली नाही तर आठवड्यात चेनवर तांबूस थर धरतो. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावरच्या खाडीपुलांची कामं आता हाती घेतली आहेत. ते झाले की फेरीबोटीची वाट बघत जेट्टीवर चहा पिणं संपेल. वेळ वाचेल हे खरं, पण ती अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती मुळात राइडचाच भाग होती.

आजवर एकही भारतीय टूर द फ्रान्समध्ये उतरलेला नाही. त्यामुळे मुंबईचा चाहता आपला माणूस शोधत शर्यत बघत नाही. तो स्लोव्हेनियाच्या पोगाचारवर किंवा डेन्मार्कच्या व्हिंगेगोवर जीव लावतो. पण शर्यतच दारात आली तर? पुण्याच्या ‘ग्रँड टूर’साठी १९ ते २३ जानेवारी २०२६ या तारखा जाहीर झाल्या. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या कॅलेंडरातली २.२ दर्जाची, म्हणजे दुसऱ्या वर्गातली टप्प्याटप्प्यांची, पुणे जिल्ह्यातून ४३७ किलोमीटरची शर्यत. मुंबईकरांना तिचं पहिलं आकर्षण वेळापत्रकाचं होतं. बघायचा मोसम आणि फिरायचा मोसम पहिल्यांदाच एकत्र आले. २३ तारखेचा शुक्रवार आणि सोमवारी सव्वीस जानेवारीची सुटी. म्हणजे पुण्यात शेवटचा टप्पा बघायचा, शनिवारी पहाटे ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे दिवेआगर, रविवारी दिघीहून फेरीने आगरदांडा आणि मुरूड, सोमवारी अलिबागहून मांडवा, आणि संध्याकाळच्या बोटीने भाऊचा धक्का. रो-रोचं तिकीट तेवढं आधी काढून ठेवायचं. जोडून सुटी आली की मांडव्याला गाड्यांची रांग लागते.