गोठलेले इलेक्ट्रॉन, वाहती कड

दोन सारख्या जाळ्या एकमेकींवर ठेवा आणि वरची किंचित फिरवा. मोठमोठे ठिपके उमटतात, जे मुळात एकाही जाळीत नसतात. फिरवणं जितकं कमी, तितके ठिपके मोठे. या नक्षीला मुआरे म्हणतात.

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची एकपदरी षटकोनी जाळी. शेजारच्या अणूंत अंतर 0.142 नॅनोमीटर. एक थर दुसऱ्यावर 1.1 अंशाने फिरवून ठेवला, की मुआरेचे ठिपके सुमारे 13 नॅनोमीटरवर पडतात. एरवी ग्राफीनमध्ये सुसाट पळणारे इलेक्ट्रॉन इथे रेंगाळू लागतात. हे गणित भौतिकशास्त्रज्ञ बिस्ट्रिट्झर आणि मॅकडोनाल्ड यांनी 2011 साली मांडलं. 2018 मध्ये एमआयटीत अशाच थरांत अतिवाहकता, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणं, सापडली आणि सगळं कौतुक तिच्याच वाट्याला गेलं. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त चक्रावते.

कमरेच्या पट्ट्याला एक पीळ देऊन बक्कल लावा. मग ओढा, चुरगळा, पीळ जात नाही. बक्कल सोडावंच लागतं. टोपोलॉजी या गणिताच्या शाखेत अशाच न पुसता येणाऱ्या गोष्टी मोजतात. इलेक्ट्रॉनच्या तरंगांनाही एकूण मिळून असा पीळ पडू शकतो. तो पडला की पदार्थ आतून विसंवाहक होतो, पण कडेने वीज वाहते, तीही एकाच दिशेने. वाटेत दोष आला तर त्याला वळसा घालते, मागे फिरत नाही. एका पिळाला हॉल रोध (प्रवाहाला आडवा मोजलेला रोध) भरतो सुमारे 25,813 ओहम, नमुना लहान असो वा मोठा. पूर्वी यासाठी जबरदस्त चुंबक लागायचा. 2020 मध्ये थर फिरवून रचलेल्या ग्राफीनने हाच परिणाम चुंबकाविना करून दाखवला, अर्थात अतिशीत तापमानात.

आता रेंगाळण्याकडे परत येऊ. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. वेग पुरेसा कमी झाला की ही ढकलाढकली वरचढ ठरते आणि ते ठरावीक अंतरावर, रांगेत बसून राहतात. असा इलेक्ट्रॉनचा स्फटिक भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने 1934 मध्येच सुचवला होता. बसलेले इलेक्ट्रॉन वीज वाहत नाहीत, हे उघडच. पण 2025 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन थरांवर तीन थर फिरवून रचलेल्या ग्राफीनमध्ये, स्फटिकही दिसला आणि पीळही. मुआरेच्या दर चार घरांमागे एक इलेक्ट्रॉन. आत सगळे गोठलेले, कडेला प्रवाह चालू!

हे नमुने रचणं मात्र जिकिरीचं. गरम केलं की थर घसरून आपल्या मूळ जागी बसू पाहतात, आणि कोन दशांश अंशाने सरकला तरी खेळ बिघडतो.