वाक्य समजायला कपाळाचा स्नायूसुद्धा लागतो

आधी मनात राग येतो आणि मग तो चेहऱ्यावर दिसतो असं आपण धरूनच चालतो. वाचलेलं समजणं तर पूर्णपणे डोक्यातलं काम, त्याच्याशी चेहऱ्याचा काय संबंध?

दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवा आणि कपाळाला आठ्या घाला. बोटाखाली स्नायू दाटून येतो ना, तो भुवया जवळ ओढणारा स्नायू. रागाचं किंवा दुःखाचं काही वाचताना हाच स्नायू आखडतो, पण इतका बारीक की बोटाला कळत नाही, कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडला कळतो. आता हा स्नायू बंदच केला तर?

हा प्रयोग खरंच झालाय, आणि मला तो फार म्हणजे फारच आवडतो. आठ्या घालवायला बोटॉक्सचं इंजेक्शन घेतात ते माहितीये. मज्जातंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या बारीक पिशव्या असतात, संदेश आला की त्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आखडतो. पिशवी भिंतीला चिकटवायला तीन प्रथिनं एकमेकांत पिळ घालतात, त्यातलं स्नॅप-२५ नावाचं एक प्रथिन बोटॉक्स कापून टाकतं. मेंदू हुकूम सोडतोय, पिशव्या भरलेल्या आहेत, पण रसायन बाहेरच पडत नाही आणि स्नायू काही महिने ढिम्म!

२०१० साली डेव्हिड हावस आणि आर्थर ग्लेनबर्ग यांच्या टीमने पहिल्यांदाच हे इंजेक्शन घेणाऱ्या ४० बायकांना इंजेक्शनच्या आधी आणि दोन आठवड्यांनी रागाची, दुःखाची आणि आनंदाची वाक्यं वाचायला दिली आणि वेळ मोजला. नंतर रागाची आणि दुःखाची वाक्यं वाचायला जास्त वेळ लागला, आनंदाच्या वाक्यांना तेवढाच. माझ्या मते सगळी गंमत या शेवटच्या भागात आहे, कारण औषधाने सुस्ती आली असती किंवा लक्ष लागत नसतं तर सगळीच वाक्यं रेंगाळली असती ना? फरक छोटा होता, वाक्यं समजलीही, पण आठीचा स्नायू ज्यांना लागतो नेमकी तीच अडखळली.

म्हणून लगेच 'रोज आरशात बघून हसा, डिप्रेशन पळेल' छाप कोर्सला पैसे भरू नका. दातात पेन धरून ओठ हसरे केले की कार्टून जास्त मजेदार वाटतात हा १९८८चा गाजलेला प्रयोग २०१६ मध्ये १७ प्रयोगशाळांनी करून पाहिला, तो परिणाम काही दिसला नाही. २०२२ मध्ये १९ देशांतल्या जवळपास ३९०० लोकांवर पाहिलं तेव्हा मुद्दाम हसल्याने मूड थोडासा वर जातो एवढंच दिसलं, पेनचं नक्की काही ठरलं नाही. डिप्रेशन हा आजार आहे, त्यासाठी डॉक्टरच.

उलट्या दिशेनेही हे चालतं, म्हणजे शब्दाने शरीर हलतं. दातओठ खाणं, छातीत धस्स होणं, पोटात गोळा येणं, मराठीत भावना सांगायची म्हणजे शरीरच सांगावं लागतं. २००३च्या एका अभ्यासात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि मोठेपणी इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून त्यांना लहानपणी मुलांना रागावताना म्हणतात तसली वाक्यं दोन्ही भाषांत दिली. अर्थ दोन्हीकडे कळत होता, पण बोटांवरचा घाम तुर्कीतल्या रागावण्याला जास्त वाढला.