धुण्याची चावी : कोल्हापूरच्या सार्वजनिक पाणवठ्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात नळाला चावी म्हणतात. रंकाळा तलावाच्या काठावरील ‘धुण्याची चावी’ हे संस्थानकालीन ठिकाण याच शब्दावरून ओळखले जाते. धुणे तलावात नेण्याऐवजी तलावाचे पाणी धुण्याकडे आणावे, हा त्यामागचा विचार आजही पटण्याजोगा आहे.

इंग्लंडमध्ये धुण्याच्या सार्वजनिक सोयीचा हाच प्रश्न पटकीच्या साथीने पुढे आणला. लिव्हरपूल येथे १८४२ मध्ये सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईगृह सुरू झाले आणि १८४६ च्या कायद्याने नगरसंस्थांना अशा सोयी उभारण्याचा अधिकार मिळाला. कोल्हापुरात १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा आंघोळ आणि धुणे ही दोन्ही कामे मुख्यतः पंचगंगेच्या घाटावर, विहिरींवर आणि पेठापेठांतील तळ्यांवर चालत. पुढे कळंबा तलावाचे पाणी शहरात आले. ज्या टाकीत ते साठवले जाई, ती ‘पाण्याचा खजिना’ या नावाने आजही परिचित आहे. दरम्यान तळी मात्र एकेक करून बुजली. कपिलतीर्थावर मंडई वसली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले आणि रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळ्याबरोबर त्या भागातील धुण्याची जागाही गेली, याची नोंद आपण फारशी घेतलेली नाही.

पाणवठा सार्वजनिक म्हटला, तरी तो सर्वांचा नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आदेश काढून विहिरी, धर्मशाळा यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना समान वागणूक देण्याचे बंधन घातले. माझ्या मते या शहराच्या पाण्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना हीच आहे, कारण चावी कोणी बसवली यापेक्षा ती कोणाला सोडता येते, यावरच तिचे सार्वजनिकपण ठरते.

१९७२ मध्ये महानगरपालिका झाली, घरोघरी नळ पोहोचले आणि रोजचे धुणे मोरीत आले. वाकळा आणि गोधड्या मात्र मोरीत मावत नाहीत. घटस्थापनेपूर्वी घरातील सारे अंथरूण-पांघरूण धुण्याची इकडे रीत आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात ते भिजवायला, आपटायला, वाळवायला जागा नसल्याने त्या दिवसांत नदीवर आणि तलावावर गर्दी लोटते. साबणाचे पाणी थेट प्रवाहात जाते. नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याच्या आणि कारखान्यांच्या मैल्यापुढे हा वाटा लहान असला, तरी खालच्या अंगाला इचलकरंजीत २०१२ मध्ये पसरलेल्या काविळीनंतर पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि घाटावरचे धुणेही त्या चर्चेत आले. नदीत कपडे, जनावरे, वाहने धुऊ नयेत असे सांगितले जाते, तेव्हा घाटावर वाकळ धुवायला येणाऱ्या बाईने ती कोठे न्यावी, हे सांगणेही नगरसंस्थेचेच काम ठरते. आणि वाहते पाणी, दगडी कट्टा व सांडपाण्याची वेगळी वाट एवढ्यानेच ते साधण्याजोगे आहे.